कंट्रोल-सी ही काळ्या दगडावरची रेघ नव्हे

‘कीबोर्डचे शॉर्टकट बदलण्याच्या फंदात पडू नका. ते तज्ज्ञांनी विचार करून ठरवलेत, बदललेत तर दुसऱ्याच्या संगणकावर अडखळाल, काही बिघडलं तर परत आणता येणार नाही, आणि एवढं करून वाचतात किती? दोन सेकंद.’ हा सल्ला बराच फिरतोय. त्यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे.

आधी तज्ज्ञांचं बघू. कट, कॉपी, पेस्टसाठी एक्स, सी, व्ही ही शेजारशेजारची अक्षरं ॲपलच्या १९८४ च्या मॅकिन्टॉश संगणकावर होती. पुढे १९८७ मध्ये आयबीएमने आपले नियम आणले, त्यात कॉपीला कंट्रोल-इन्सर्ट आणि पेस्टला शिफ्ट-इन्सर्ट. विंडोजच्या बऱ्याच प्रोग्राममध्ये ही जोडी आजही चालते, करून बघा. तज्ज्ञ दोन्हीकडे होते, उत्तरं मात्र दोन आली. कंट्रोल-आल्ट-डिलीटची गोष्ट तर याहून मजेशीर. आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी पीसी रीस्टार्ट करायला आधी कंट्रोल-आल्ट-एस्केप निवडलं होतं. ते एका हाताने चुकून दाबलं जाईल म्हणून एस्केपच्या जागी डिलीट आलं. म्हणजे जगातला सगळ्यात प्रसिद्ध शॉर्टकटच मुळात बदललेला आहे! वर्डनेही अलीकडे कंट्रोल-शिफ्ट-व्हीचं काम बदललं: पूर्वी त्याने फॉरमॅटिंग चिकटायचं, आता नुसता मजकूर चिकटतो. बनवणारे बदलतात, तर वापरणाऱ्याने का बदलू नये?

दुसऱ्याच्या संगणकावर अडखळण्याची भीती, हा तो अर्धा खरा मुद्दा. कंट्रोल-सीला भलतंच काम दिलंत तर हाल होतीलच. पण बदलायचे असतात ते शॉर्टकट वेगळे: रोज वीसदा लागणाऱ्या आणि मेनूत तीन पायऱ्या खाली दडलेल्या कमांडचे. शिवाय हाताला जागेचं भान असतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करून काम करायच्या खिडकीत, कंट्रोल-सी चालू प्रोग्राम थांबवतं आणि कॉपीला बहुधा कंट्रोल-शिफ्ट-सी लागतं. तिथे रोज काम करणारे दोन्ही बिनबोभाट सांभाळतात.

परत आणता येत नाही, हे साफ चूक. वर्डमध्ये, लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपमध्ये, मॅकवर, सगळीकडे मूळ शॉर्टकट परत आणणारं बटण आहे. लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचात तर आपली मांडणी फाइलमध्ये सेव्ह करून दुसऱ्या संगणकावर लोड करता येते.

खरा धोका वेगळाच आहे, आणि त्याबद्दल त्या सल्ल्यात चकार शब्द नाही. विंडोज उजवीकडची आल्टजीआर कळ म्हणजे कंट्रोल आणि आल्ट एकत्र असं मानतं. ती कळ वापरणाऱ्या लेआउटवर (म्हणजे कोणत्या कळीने काय उमटतं त्या रचनेवर) तुम्ही कंट्रोल-आल्टसोबत एखादं अक्षर बांधलंत, की आल्टजीआरने उमटणारं तिथलं चिन्ह गायब होऊ शकतं. मग माणूस कीबोर्ड खराब झाला म्हणून तो उलटा करून झटकत बसतो. म्हणून आधी ती जोडणी रिकामी आहे का, ते पाहा.

राहिले दोन सेकंद. हिशेब सेकंदांचा नाहीच. माउसकडे हात गेला की वाक्य तुटतं, ते सेकंदांत कसं मोजणार? मी कॅप्स लॉकला कंट्रोलचं काम दिलंय, करंगळीचे हाल थांबले. १९८१ च्या आयबीएम पीसीवर कंट्रोल तिथेच, ए च्या डावीकडे होती. माझ्याकडे ती माहेरी परत आली, एवढंच.