अंगठी अडली, पण पोरगं नाही

परवा आडतवाल्याचा साखरपुडा झाला आणि काल सांजच्याला लातुरात औसा रोडच्या कट्ट्यावर दुसरा विषयच नव्हता. त्याचं आणि पुण्याच्या होणाऱ्या वहिनींचं सगळ्यांना पाठ आहे. एप्रिल 2016, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हाची ती ओळख.

नानांनी चहा फुंकतच सुरुवात केली. "सहा वर्सं पोरगी पुन्याला, पोरगं आडतीवर. ह्याला परेम म्हणायचं का मनिऑर्डर?"

वकीलबाई म्हणाल्या, "नाना, मनिऑर्डरची पोचपावती तरी येते. तुम्ही अंतरपाट सरल्यावर बायकोचं तोंड पाहिलं, अन् अजून धड बोलला नाहीत म्हणं."

नाना सोडून सगळे हसले.

मास्तरांचं म्हणणं, दुराव्यात माणसं तुटतात ती अंतरानं नाही, हिशेब न ठरवल्यानं. ह्या दोघांनी ठरवला होता. रात्री साडेनऊला फोन, वीस मिनिटं. भांडण व्हॉट्सअ‍ॅपवर करायचं नाही, कारण लिहिलेलं वाक्य रात्रभर टोचत राहतं. एका महिन्यात त्यानं जायचं, एका महिन्यात तिनं यायचं. ऑक्टोबर ते डिसेंबर मात्र तीच येणार, कारण सोयाबीनची आवक सुरू झाली की आडतीवरून पाय निघत नाही. ह्यावर दोघांचं एकदाच वाजलं. मग मार्च 2023 ला बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि ते भांडण आपोआप मिटलं.

"रेल्वेनं का नाही जात?" धाकट्यानं विचारलं.

"बस की मग!" मास्तर उखडले. "लातूर एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन आधी 120 दिवस अगोदर मिळायचं, नोव्हेंबर 2024 पासून 60 झालं. दिवाळीचं विसरलास की तत्काळ. एसीचं दहाला उघडतंय, स्लीपरचं अकराला, ते बी आदल्या दिवशी. ऑनलाइन तिकीट चार्ट लागेपर्यंत वेटिंगवरच राहिलं तर आपसूक रद्द, त्याच्यावर गाडीत चढता येत नाही. म्हणून तो कायम बसचं बी बघून ठेवायचा."

नाना परत मूळ पदावर. "तरी बी, सोयरीक मोठ्यांनी जुळवायची. आजकालची पोरं..."

"मोठ्यांनीच जुळवली की!" वकीलबाईंनी मधेच तोडलं. "तिनं आधी मावशीला सांगितलं, मावशीनं आईला, आईनं बापाला. ह्यानं बापाला श्रावणात सांगितलं. सुगीत आडत्या बापाला कोण काय सांगणार? घरी सांगायला उशीर झाला की बाहेरून कळतंय, अन् मग पोरापेक्षा बापाचा मान मोठा होऊन बसतो. निम्मी लग्नं तिथंच अडतात. नाना, तुमच्या पुतण्याचं कुठं अडलं होतं?"

नानांनी कप खाली ठेवला. ते प्रकरण कट्ट्यावर कोणी काढत नाही. मास्तरांनीच गाडी वळवली.

यादीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. दोन्हीकडचे वही घेऊन बसले. मंगल कार्यालय, ताटं किती, आहेर कुणाला, कोणता खर्च कुणाचा, सगळं लिहिलं आणि खाली दोघांच्या सह्या. न लिहिता उठलं की पुढं 'आम्हाला वाटलं होतं' सुरू होतं. एक काका 'पोराचं काहीतरी बघा' म्हणायला लागले, तेव्हा वकीलबाई तिथंच होत्या. "हुंडा 1961 पासून गुन्हा आहे, काका. देणं बी अन् घेणं बी." काकांनी पुढचं पान उलटलं.

घोळ झाला तो अंगठीत. हॉलमार्क होता, 916 म्हणजे बावीस कॅरेट होतं, सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, मोबाइलवर तपासला होता. पण बोटाचं माप दोऱ्यानं घेतलं जानेवारीत, सकाळी सातला. साखरपुडा मे महिन्यात, दुपारी. थंडीत बोट आकसतं, उन्हाळ्यात फुगतं. माप संध्याकाळी घ्यावं, आणि नुसतं बुडाशी नाही, पेऱ्याच्या गाठीवरूनही, कारण अडतं तिथंच. ओटी भरून झाली, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, पाच फळं, आईनं साखरेचा पुडा हातात दिला, आणि वहिनींची अंगठी गाठीवर थांबली. फोटोवाला "स्माइल, स्माइल" करतोय, आडतवाला घामाघूम. शेवटी मावशीनं समईतल्या तेलाचं बोट लावलं.

"अपशकुन," नाना म्हणाले.

"समईचं तेल अपशकुन?" वकीलबाई. "नाना, सरळ सांगा, राग कशाचा आहे?"

बराच वेळ नाना गप्प. मग हळूच, "पप्प्याच्या लग्नात मला फेटा नव्हता. टॉवेल दिलता. ह्यांच्या यादीत फेटे किती लिहिलेत?"

मास्तरांनी मोबाइलमधला यादीचा फोटो काढून दाखवला. फेटे एकवीस. नानांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "पोरगी चांगली आहे बरं का."