‘ग्रॅव्हल राइडच्या (कच्च्या, खडीच्या वाटांवरच्या सायकल सफरीच्या) नावाखाली देवळं आणि पायपीट’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

फेब्रुवारीत तुम्ही आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरूख–कसबा–शृंगारपूर–उक्षी या तीन दिवसांच्या सायकल सफरीला आलात आणि घरी गेल्यावर एक स्टार देऊन सविस्तर लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: किलोमीटर कमी झाले, देवराईत आणि कातळशिल्पांपाशी सायकलवरून उतरवलं, कसब्यात दीड तास ‘वाया गेला’, दोनदा टायर कापला, तिसऱ्या दिवशी ठरलेला सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, वगळला, जेवण साधं होतं आणि वाटाड्या ‘अडाणी आणि उद्धट’ होता. म्हणून अर्धे पैसे परत हवेत. तुम्ही जाहीर लिहिलंत, म्हणून मीही जाहीर लिहितो. पुढे येणाऱ्यांनाही कळेल की आमच्याकडे काय मिळतं आणि काय मिळत नाही.

आधी टायरचं. आमच्या वाटांवर नदीतली गोल खडी नसते, जांभा असतो. लाखो वर्षांच्या पावसाने काळ्या दगडातलं विरघळेल ते धुऊन नेलं, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा हा तांबडा, भोकाभोकांचा दगड झाला. खाणीतून काढताना तो तासता येतो, पण हवा लागली की टणक होतो आणि फुटला की कडा धारदार राहतात. शिवाय त्यातून वाटाण्याएवढे गोटे सुटून वाटेवर पसरतात, उतारावर चाक त्यांच्यावरूनच घसरतं. म्हणून नाव नोंदवताना जे पत्र पाठवतो त्यात ४० मिलिमीटरपेक्षा बारीक टायर नको, ट्यूबलेस असेल तर उत्तम, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमच्या सायकलला ३२ चे टायर होते. पहिल्या संध्याकाळी आमची ४५ च्या टायरांची सायकल तुम्हाला देऊ केली होती. तुम्हाला स्वतःचीच चालवायची होती आणि त्यात काही गैर नाही, सवयीच्या सायकलवर अंग बसलेलं असतं. पण ३२ च्या टायरमधली हवा कमी केली की रिम दगडावर आपटते आणि जास्त ठेवली की टायर कडेला कापला जातो. ४५ च्या ट्यूबलेसमध्ये सत्तर किलोच्या माणसाला ३० पीएसआयच्या आसपास हवा पुरते, टायर दगडावर दबतो आणि बारीकसारीक भोक सीलंट बुजवतं. तुमच्या गटात रुंद टायरवाल्यांना पंप काढावाच लागला नाही.

आता किलोमीटर. आमच्या माहितीपत्रकात दिवसाला ३५ ते ४५ असंच लिहिलंय आणि पहिले दोन दिवस तेवढं झालं. डांबरी रस्त्यावर सवय असलेल्याला हा आकडा किरकोळ वाटतो. इथे वाडीतून सड्यावर चढायचं तर वाट पाखाडीची असते, जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना दगड रचून केलेले गडगे. ती माणसांनी डोक्यावर भारा घेऊन चढण्यासाठी बांधलेली आहे. तिथे सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि पाखाडी टाळायची तर सगळी वाडी टाळावी लागेल. तशी सफर मला आखायचीच नाही.

कसब्याचा दीड तास मी कधीच कमी करणार नाही. अलकनंदा आणि वरुणेच्या संगमावरच्या या गावात कर्णेश्वराचं काळ्या दगडातलं देऊळ आहे, सगळा मुलूख तांबड्या जांभ्याचा असताना हा दगड आणून त्यावर इतकं बारीक काम केलेलं. आणि याच गावात १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज पकडले गेले. औरंगजेबाचा सरदार मुकर्रबखान कोल्हापूरच्या बाजूने घाट उतरून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नायरीच्या पुढे जो चढ चढलात, ‘झाडीमुळे काहीच दिसत नाही’ असं ज्याच्याबद्दल लिहिलंत, तिथे उभं राहिलं की कळतं की सह्याद्रीच्या पोटातला हा सगळा मुलूख इतका आडवाटेचा असताना फौज इथवर येईल हे कोणाला खरं वाटलं नसेल. पुस्तकात ही ओळ आपण सगळ्यांनी वाचलेली असते. तो चढ पायाखाली घेतल्यावर ती वेगळी समजते. शृंगारपूरचंही तसंच. प्रचितगडाच्या पायथ्याचं हे एवढंसं गाव, १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ते सुर्व्यांकडून घेतलं, येसूबाईंचं माहेर शिर्क्यांचं, तेही इथलंच. गावात बघण्यासारखा वाडा-बिडा नाही हे तुमचं म्हणणं खरं आहे. आम्ही तिथे मुक्काम करतो तो त्या डोंगराखाली एक रात्र राहता यावं म्हणून.

देवराईबद्दल मात्र मला सविस्तर लिहावं लागेल.

आमच्याकडे राई ही गावच्या देवाची. तिथली वाळकी काटकीसुद्धा घरी नेत नाहीत. सातवीण, बेहडा, किंजळ, मांडवासारख्या पसरलेल्या गारंबीच्या वेली, हे सगळं टिकलंय ते या एका नियमावर, आजूबाजूचे डोंगर तुटत गेले तरी. आम्हाला तिथून जायला मिळतं कारण मोसमाच्या सुरुवातीला आम्ही गुरवांना आणि मानकऱ्यांना भेटतो, देवापुढे नारळ ठेवतो, ते आमच्या वतीने गाऱ्हाणं घालतात, म्हणजे देवाला विनवतात, आणि अटी सांगतात: सायकल हद्दीबाहेर, पायताण बाहेर, मोठ्याने बोलायचं नाही. या अटी आमच्या सोयीच्या नाहीत, पण बदलायचा अधिकार मला नाही, आणि असता तरी मी बदलल्या नसत्या.

तुमच्या वाटाड्याने तुम्हाला तिथे थांबवलं आणि एवढंच म्हटलं, ‘सायकल बाहेर ठेवा, आवाज नको.’ कारण विचारल्यावर तो गप्प राहिला, हा तुमचा मुख्य राग. कारण मी सांगतो, राईचं नाव न घेता. वर एका जुन्या बेहड्याच्या ढोलीत माडगरुडाची, म्हणजे धनेशाची, मादी अंडी उबवायला बसली होती. ती ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. पुढचे कित्येक आठवडे नर त्या फटीतून तिला आणि पुढे पिल्लाला फळं भरवतो. नर दचकून दूर राहिला तर आतली दोघं उपाशी. मोकळ्या फिरणाऱ्या सायकलच्या मागच्या चाकाचा टकटकाट त्या शांततेत केवढा घुमतो, हे तुम्ही पुढच्या वेळी कुठल्याही झाडीत थांबून ऐका. अशी घरटी आम्ही पाहुण्यांना दाखवत नाही, कारण फोटो फिरले की आठवड्याभरात कॅमेरेवाले झाडाखाली येतात. एवढ्या जुन्या, पोकळ खोडाच्या झाडाला दुसरं झाड पर्यायी मिळत नाही. त्या पोराला हे सगळं ठाऊक होतं आणि म्हणूनच तो गप्प बसला. उद्धटपणा म्हणून तुम्ही जे टिपलंत ते त्याचं जबाबदारीने राखलेलं मौन होतं.

कातळशिल्पांजवळ पाचशे पावलं चालवल्याची तक्रार आहे. उक्षीचा हत्ती तुम्ही पाहिलात. गावाने त्याच्याभोवती कठडा केलाय, तिथे प्रश्नच येत नाही. पण सड्यावर कित्येक चित्रं अजून उघड्यावर, गवतात आहेत, काही जेमतेम बोटभर खोल. आज कोकणात नसलेला एकशिंगी गेंडासुद्धा त्यांत आहे, म्हणजे ती कोरणाऱ्यांनी पाहिलेलं रान किती वेगळं असेल बघा. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई वाडीवाडीत जाऊन गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारत फिरले तेव्हा कुठे त्यांतली बरीचशी उजेडात आली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत जी ठिकाणं गेली त्यांत उक्षी आणि जांभरूण दोन्ही आहेत. जांभा टणक असला तरी रेषेची कड ठिसूळ असते आणि वाळक्या गवतात ती रेष चालणाऱ्यालाही पटकन दिसत नाही, मग सायकलवरच्याला कुठून दिसणार? ‘एका टायरने काय होतं’ असं तुम्ही विचारलंत. त्या सड्यावर आमच्यामागून जे येतील त्यांना आमच्या चाकाचा माग दिसतो आणि ते त्यावरूनच जातात. चार मोसमांत तिथे वाट पडते. मला माझ्या हाताने ती वाट पाडायची नाही.

तिसऱ्या दिवशीचा सडा वगळला हे खरं. दुपारी पलीकडच्या अंगाला वणवा लागला होता. फेब्रुवारीत सड्यावरचं गवत कागदासारखं कोरडं झालेलं असतं आणि दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की आग माणसाच्या धावण्याहून जोरात सरकते. वर ना झाड, ना आडोसा, ना पाणी. धूर लांब आहे, अर्ध्या तासात पार होऊ, असा तुमचा आग्रह होता. वाटाड्याने मला फोन केला नाही, कारण वर रेंज नव्हती. त्याने स्वतःच ठरवलं, सगळ्यांना वहाळाच्या बाजूने खाली उतरवलं आणि पिकअप बोलावली. मी तिथे असतो तर हेच केलं असतं.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, फणसाची भाजी, ताक. ज्या घरी उतरता त्या घरी त्या दिवशी जे शिजतं तेच पाहुण्यांना वाढतात. हॉटेलचं जेवण हवं असेल तर तसं आधीच कळवलं तर मी दुसऱ्या कोणाचं तरी नाव सुचवतो.

पैशांचं. तिसऱ्या दिवशीच्या घराचे, पिकअपचे आणि वाटाड्याचे पैसे त्या दिवशीच दिले गेले, सडा झाला नाही म्हणून त्यांतलं कोणाचं काम कमी झालं नाही. पिकअप तर जास्तच धावली. राईच्या आणि देवळाच्या गावांना आम्ही प्रत्येक गटामागे ठरलेली रक्कम देतो, तीही दिलेली आहे. त्यामुळे अर्धं शुल्क परत करता येणार नाही.

तुम्हाला वेगाने, सलग सायकल चालवायला आवडतं, हे तुमच्याबरोबर पहिल्या सकाळी आलो तेव्हाच दिसलं होतं, आणि तुम्ही चालवता छान. तुमच्यासाठी रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळे आणि पुढे जयगडपर्यंतचा किनाऱ्याचा रस्ता सुचवतो. डांबरी आहे, चढउतार दमवणारे आहेत, समुद्र सतत डाव्या हाताला. ३२ चे टायर तिथे उत्तम चालतील. पहाटे लवकर निघा, सुट्टीच्या दिवशी गाड्या फार असतात. याचे पैसे आम्हाला द्यायची गरज नाही, नकाशा हवा असेल तर पाठवतो.

स्टार तुम्ही एकच ठेवा, माझं काही म्हणणं नाही. किलोमीटर, पाखाड्या, जेवण, शुल्क, माझी सफर आखण्याची पद्धत, यांबद्दल लिहिलेलं सगळं तसंच राहू द्या. फक्त एक विनंती आहे. ‘अडाणी आणि उद्धट’ हे दोन शब्द तेवढे काढा. तो पोरगा मोबाइलवर हे वाचतो, त्याची आईही वाचते. त्याने तुम्हाला वणव्यातून सुखरूप खाली आणलं आणि तुमचा कापलेला टायर उन्हात बसून दोनदा जोडून दिला. त्याच्याबद्दल जगाला तुमच्याकडून एवढीच ओळख राहावी, हे मला मान्य नाही.