खापर लोकांच्या माथी नको : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

टाळेबंदीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत, त्याबद्दल आभार. लेख ज्यांच्या वाचनात आला नसेल त्यांच्यासाठी सांगते. कोविडच्या साथीच्या काळात बहुसंख्य लोकांनी नियम पाळले, आणि ज्यांनी मोडले त्यांच्यातल्या अनेकांची ते पाळण्याची ऐपतच नव्हती, असं मी म्हटलं होतं. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : लोक पोलिसांच्या धाकाने घरात बसले. निर्बंध सैल होताच किनारे आणि बाजार ओसंडले. चार-सहा आठवड्यांत कंटाळणं हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून पुढच्या साथीत पहिल्या दिवसापासून कडक दंडुका हवा, आणि शिथिलता होईल तितकी उशिरा. माझा लेख तुम्हाला भाबडा वाटला, आणि लोकांनी नियम ‘आपणहून’ पाळले असं सांगणारा परिच्छेद काढून टाका, असंही तुम्ही सुचवलंत.

धाकापासून सुरुवात करते, कारण तुमचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सिव्हरसन या शिकागो विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी २०२० मध्ये अमेरिकेतल्या साडेबावीस लाख दुकानांतली आणि व्यवसायांतली ग्राहकांची ये-जा मोबाइलच्या नोंदींवरून मोजली. त्यांनी मुद्दाम अशा जागा निवडल्या, जिथे एकाच शहरी पट्ट्यातून दोन राज्यांची किंवा दोन काउंटींची (म्हणजे जिल्ह्यांची) हद्द जाते. हद्दीच्या अलीकडे टाळेबंदीचा हुकूम निघालेला, पलीकडे अजून नाही. दोन्हीकडचे लोक बातम्या त्याच ऐकतात, कामाला त्याच भागात जातात, आजाराचा धोकाही दोघांना सारखाच. फरक फक्त हुकुमाचा. त्यांना काय दिसलं? ग्राहकांची ये-जा एकूण सुमारे ६० टक्क्यांनी घटली होती. त्या साठांपैकी जेमतेम ७ टक्क्यांचं श्रेय हुकुमाला देता येत होतं. उरलेली घट दोन्ही बाजूंना होती, आणि आसपास कोविडने किती माणसं गेली याच्याशी ती जोडलेली होती. लोक गजबजलेली मोठी दुकानं टाळून कमी वर्दळीच्या दुकानांकडे वळले होते. हे त्यांना कुठल्याही पोलिसाने सांगितलेलं नव्हतं.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुमच्या शिथिलतेबद्दलच्या मुद्द्याला थेट भिडते. हुकूम मागे घेतल्यावर ये-जा एकदम उसळली नाही, थोडीच वाढली. म्हणजे लोक हुकुमाच्या आधी घरात गेले होते, आणि हुकूम उठला तरी आपापला अंदाज घेऊनच बाहेर पडले.

आजाराची भीती हाही धाकच की, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण ती भीती खऱ्या आकड्यांतून आणि वेळेवर मिळालेल्या माहितीतून येते, काठीतून नाही. आणि हुकुमाला काहीच किंमत नाही, असंही मला म्हणायचं नाही. आजारी असताना किंवा घरात म्हातारं माणूस असताना मालकापुढे ‘मी कामावर येत नाही’ म्हणायला नोकराला कायद्याचा आधार लागतो. बंदीचा हुकूम त्याला तो आधार देतो. माझ्या मते टाळेबंदीच्या कायद्याचं सगळ्यात मोठं काम हेच होतं, आणि त्याची चर्चा फारच कमी झाली.

आता कंटाळ्याकडे वळू. ‘लोक लवकरच थकतील’ ही कल्पना साथीच्या अगदी सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, ब्रिटनमध्ये जोरात मांडली गेली. अजून तिथे टाळेबंदी लागलेलीही नव्हती. लोक थकतील म्हणून निर्बंध फार लवकर लावू नयेत, असा त्या मांडणीचा सूर होता. तेव्हा वर्तनशास्त्राच्या ६०० हून अधिक अभ्यासकांनी सरकारला जाहीर पत्र लिहून याला पुरावा काय, असं विचारलं. पुढे जानेवारी २०२१ मध्ये स्टीफन रायशर आणि जॉन ड्रुरी या मानसशास्त्रज्ञांनी ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र मांडले. बहुतेक नियम पाळत असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर होतं, आणि त्यातल्या कितीतरी जणांना त्याची आर्थिक आणि मानसिक झळ बसत होती. झळ सोसूनही माणसं नियम पाळत होती. ‘थकले’ या एका शब्दात हे बसत नाही.

तुमच्या बाजूचा पुरावाही आहे, तो दडवणार नाही. १४ देशांतल्या दोन लाखांहून अधिक लोकांच्या उत्तरांवर आधारलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्च ते डिसेंबर २०२० या काळात लोकांनी एकमेकांपासून अंतर राखण्याचं प्रमाण कमी होत गेलं, असं त्यात आढळलं. घट मोठी नव्हती, पण होती. मात्र त्याच लोकांत, त्याच काळात, मास्क वापरण्याचं प्रमाण वाढत गेलं. मास्क स्वस्त असतो आणि त्याची सवय होते. आईला, नातवाला, मित्राला महिनोन्महिने न भेटण्याची सवय होत नाही. सरसकट कंटाळा आला असता तर दोन्ही गोष्टी घसरल्या असत्या. ज्या नियमाची किंमत रोज मोजावी लागते तोच नियम झिजतो. सरकारला यातून बरंच शिकता येतं, पण ‘मनुष्यस्वभाव’ म्हणून हात झटकले की शिकायला काहीच उरत नाही.

किंमत कोण मोजतं, हा माझ्या लेखाचा गाभा होता. विलगीकरणाचंच पाहा. मार्च २०२० ते जानेवारी २०२१ या काळात ब्रिटनमध्ये घेतलेल्या ३७ पाहण्यांत, लक्षणं असलेल्यांपैकी पूर्ण मुदत घरात राहिल्याचं सांगणारे निम्म्याहून कमी, सुमारे ४२ टक्के निघाले. हा आकडा तुम्ही बेफिकिरीचा पुरावा म्हणून मांडू शकाल. पण घराबाहेर पडणाऱ्यांत कोण जास्त होतं? लहान मुलं असलेले, कामगार वर्गातले, पैशाची चणचण असलेले, अत्यावश्यक सेवांत काम करणारे. आजारी नोकराला मालकाने द्यायची तिथली कायदेशीर किमान रक्कम तेव्हा आठवड्याला ९५.८५ पौंड होती. घरभाडं त्यातच, मुलांचं खाणंपिणं त्यातच. खोकला येतोय, तपासणीचा निकाल यायचाय आणि उद्याची पाळी चुकवली तर आठवड्याचा हिशेब कोलमडणार, अशा माणसापुढे तुम्ही दंडाची पावती धरलीत तर तो तपासणीच करून घेणार नाही. लक्षणं लपवेल. मग साथ कुठे पसरतेय हेही कळायचं नाही.

भारताचं उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून एवढंच म्हणते. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून देश बंद झाला. त्यानंतर महामार्गांवरून चालत निघालेल्या हातावर पोट असलेल्या माणसांना ‘नियम मोडणारे’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ‘घरी राहा’ हा नियम पाळण्यासाठीच ती आपल्या घरी निघाली होती.

ओसंडलेल्या किनाऱ्यांबद्दल जरा थांबून लिहायला हवं, कारण तुमच्यासारखंच मत लाखो लोकांनी त्याच छायाचित्रांवरून बनवलं. लांब पल्ल्याच्या लेन्सने किनाऱ्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाकडे रोखून फोटो काढला, की मधलं अंतर चेपलं जातं. दहा-दहा पावलांवर बसलेली कुटुंबं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी दिसतात. डेन्मार्कमधल्या दोन वृत्तछायाचित्रकारांनी एप्रिल २०२० मध्ये हे प्रयोग करूनच दाखवलं. तीच रांग, तीच माणसं, दोन वेगळ्या लेन्स आणि वेगळे कोन. एका फोटोत खेटून उभी असलेली गर्दी, दुसऱ्यात नीट अंतर राखून थांबलेली माणसं. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये साथरोगांचे अभ्यासक मार्क वूलहाउस यांनी ब्रिटिश खासदारांच्या समितीपुढे सांगितलं, की आपल्या माहितीत जगात कुठेही समुद्रकिनाऱ्यामुळे कोविडचा उद्रेक झाल्याची नोंद नाही. मोकळ्या हवेत लागण होण्याचा धोका बंद जागेपेक्षा खूपच कमी होता. तरीही बदनामी झाली ती किनाऱ्यावर गेलेल्यांची. हवा न खेळणाऱ्या खोल्यांत शेजारी शेजारी उभं राहून काम कराव्या लागणाऱ्या माणसांचे फोटो कुणी काढत नव्हतं, म्हणून त्यांचा धोकाही चर्चेत आला नाही.

या बदनामीचा दुसरा तोटा मला अधिक गंभीर वाटतो. ‘सगळेच नियम मोडताहेत’ असं रोज ऐकलं, की पाळणाऱ्यालाही आपणच मूर्ख ठरतोय असं वाटू लागतं. लोकांवर बेजबाबदारपणाचा शिक्का मारणारे तो बेजबाबदारपणा वाढवायला हातभार लावत असतात.

निर्बंध उठवताना गोंधळ होतो, हे तुमचं निरीक्षण मात्र बरोबर आहे. फक्त तो कुठून येतो ते पाहा. १० मे २०२० ला इंग्लंडमध्ये ‘घरी राहा’ची जागा ‘सतर्क राहा’ने घेतली. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडने मात्र ‘घरी राहा’च कायम ठेवलं. युगव्ह या मतचाचणी संस्थेने लगेच केलेल्या पाहणीत, आधीच्या घोषणेचा अर्थ कळतो असं म्हणणारे ९१ टक्के होते, नव्या घोषणेचा अर्थ कळतो असं म्हणणारे ३० टक्के. एका रात्रीत लोकांची अक्कल गेली नव्हती. सूचनाच धूसर झाली होती. याउलट न्यूझीलंडने २१ मार्च २०२० ला, टाळेबंदी लावण्याच्या आधीच, चार पातळ्यांचा तक्ता जाहीर केला. कोणत्या पातळीला काय बंद, काय चालू, हे आधीच समोर होतं. पुढे चारवरून तीन, तीनवरून दोन असं करत ८ जूनच्या मध्यरात्री देश पहिल्या पातळीवर आला, तेव्हा प्रत्येक पायरीला काय करायचं हे लोकांना ठाऊक होतं. बेटावरचा छोटा देश म्हणून त्यांना ते सोपं गेलं, हे मला मान्य आहे. पण तक्ता आधी जाहीर करायला बेट लागत नाही.

घाईने उघडण्याचे तोटेही दिसले आहेत. इस्रायलने मे २०२० मध्ये शाळांसह बरंच काही झपाट्याने उघडलं आणि सप्टेंबरमध्ये त्यांना पुन्हा देशभर टाळेबंदी लावावी लागली. तेव्हा उशीर की घाई, एवढ्यावरच अडून राहू नका. कोणत्या अटीवर उघडणार आणि कोणत्या अटीवर पुन्हा बंद करणार, हे आधी सांगितलं होतं का, ते विचारा. उघडणं हा एकदाचाच निर्णय नसतो : डेन्मार्कने १० सप्टेंबर २०२१ ला सगळे निर्बंध उठवले, रुग्ण वाढल्यावर त्याच हिवाळ्यात काही परत आणले आणि १ फेब्रुवारी २०२२ ला पुन्हा उठवले.

राहिला दंडुका. तो वापरायचाच असेल तर वरच्यांवर आधी चालला पाहिजे, हे शंभर वर्षांपूर्वीच्या सॅन फ्रान्सिस्कोत दिसलं होतं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तिथे मास्कची सक्ती झाली. मास्क न लावणाऱ्यांना पकडून दंड केला जात होता, काहींना तुरुंगातही पाठवलं जात होतं. आणि अशातच खुद्द महापौर आणि आरोग्य अधिकारी मुष्टियुद्धाच्या सामन्याला मास्कशिवाय बसलेले छायाचित्रात सापडले. महापौरांना ५० डॉलर दंड झाला. २१ नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता भोंगा वाजला आणि सक्ती उठली. लोकांनी भर रस्त्यात मास्क काढून फेकले, पदपथांवर त्यांचा खच पडला. जानेवारी १९१९ मध्ये रुग्ण पुन्हा वाढल्यावर सक्ती परत आली, तेव्हा मात्र तिच्याविरुद्ध ‘अँटी-मास्क लीग’ उभी राहिली आणि तिने मोठी सभा भरवली. १ फेब्रुवारीला सक्ती पुन्हा मागे घेतली गेली. त्या विरोधामागे व्यापाऱ्यांचं नुकसान होतं, मास्कच्या उपयोगाबद्दलची शंका होती. महापौरांचा फोटो हे एकमेव कारण नव्हतं. पण दुसऱ्यांदा सक्ती करताना लोकांपुढे ठेवायला प्रशासनाकडे पहिल्यासारखी पत उरली नव्हती.

आपल्या काळातली जोडी याहून बोलकी आहे. एप्रिल २०२० मध्ये स्कॉटलंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी आपल्या दुसऱ्या घरी गेल्याचं उघड झालं आणि त्यांनी त्याच दिवशी पद सोडलं. मे महिन्यात ब्रिटिश पंतप्रधानांचे प्रमुख सल्लागार टाळेबंदीत लंडनहून दूर ईशान्य इंग्लंडमधल्या डरहॅमला गेल्याचं उघड झालं. ते पदावर राहिले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्या बातमीनंतर इंग्लंडमधल्या लोकांचा आपल्या सरकारवरचा विश्वास घसरल्याचं दिसलं. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये आपापल्या सरकारांबद्दल तशी घसरण झाली नाही.

आणि निव्वळ दंडुक्याचं काय होतं, तेही पाहून झालंय. ऑगस्ट २०१४ मध्ये इबोलाच्या साथीत लायबेरियाच्या राजधानीतली वेस्ट पॉइंट ही दाटीवाटीची गरीब वस्ती सैन्य आणि पोलीस लावून वेढली गेली. लोकांना सकाळी उठल्यावर कळलं की बाहेर जाता येत नाही. दगडफेक झाली, गोळीबार झाला, एक किशोरवयीन मुलगा जिवानिशी गेला. साधारण दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. पुढे साथ आटोक्यात आली त्यात परदेशी मदतीचा आणि उपचार केंद्रांचा वाटा होता, आणि वस्त्यावस्त्यांतल्या लोकांनी दारोदार जाऊन रुग्ण शोधण्याचा, अंत्यविधीच्या पद्धती बदलायला घरच्यांना तयार करण्याचाही होता. ही कामं बंदुकीने होत नाहीत.

तुमच्या एका वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे : बंद सभागृहात शेकडो माणसं जमवून समारंभ करणाऱ्याला जबर दंड व्हायला हवा. हो, व्हायलाच हवा, आणि यजमान मंत्री असेल तर दंड त्याच आठवड्यात व्हायला हवा. पण विलगीकरणात बसणाऱ्याला पूर्ण मजुरी द्यायची आणि बंदीच्या पहिल्याच दिवशी ती उठवण्याच्या अटी छापायच्या, ही दोन कामं आधी. तुमच्या योजनेत त्यांना जागाच नाही, आणि आपला खरा मतभेद तिथे आहे. विलगीकरणातल्या माणसाची मजुरी कुणी भरावी, मालकाने की सरकारने, यावर तुमचं मत वाचायला मला आवडेल.

‘आपणहून’वाला परिच्छेद मी काढणार नाही. हद्दीच्या दोन बाजूंचा तो अभ्यास मूळ लेखात नव्हता. तो त्या परिच्छेदात आज जोडते आहे.