सध्या काय ऐकतेय? तीन मिनिटांचं गाणं

आमच्या गानवेड्या गोतावळ्यात "सध्या काय ऐकताय?" या प्रश्नाला एक ठरलेला रुबाब असतो. कुणी खासगी मैफलीतला सव्वा तासाचा शुद्धकल्याण सांगतो, कुणी कुठल्याशा स्पूलवरून उतरवलेला रात्रभराचा दरबारी. जितकं लांब, तितकी कॉलर ताठ. परवा मी म्हटलं, "७८च्या तबकड्या ऐकतेय. अब्दुल करीम खाँ, केसरबाई, फैय्याज खाँ." (म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोन तबकड्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं.) समोरचे गृहस्थ जाणकार आहेत, मला वडीलधारे आहेत. म्हणाले, "अहो, तीन मिनिटांत काय राग मांडणार? चव लागेपर्यंत पान उचललं जातं."

तिथे वाद घालत बसले नाही, पण डोक्यातून जाईना. म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

मुळात तीन मिनिटं म्हणजे किती गाणं, याचा आपण हिशेबच करत नाही. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन, फार तर साडेतीन मिनिटांची. मध्यलयीचा त्रिताल धरा, मात्रेला एक सेकंद. आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, सोळा सेकंदांचं. म्हणजे बाराएक आवर्तनं हातात आली. बारा आवर्तनं कमी नाहीत हो! आजच्या कितीतरी दीड तासांच्या मैफलींमधून बारा खरीखुरी, भरीव आवर्तनं काढून दाखवा म्हटलं तर पंचाईत होईल. (मैफल कुणाची ते सांगणार नाही.)

केसरबाई केरकरांचा नटकामोद राग घ्या. जोडराग, त्यातून अनवट, म्हणजे क्वचितच गायला जाणारा. आलापीची प्रस्तावना नाही, वातावरणनिर्मिती वगैरे नाही. बंदिश सुरू होते तीच जणू आधी अर्धा तास गाऊन झाल्यासारखी. पहिल्याच आवर्तनात नट कुठला, कामोद कुठला आणि दोघांची गाठ कुठे पडते ते कळतं. मग आकार, म्हणजे 'आ'वरचं गाणं. तो गोल, घुमारेदार, कुठेही न फाटणारा आकार. तान समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, दिशेने निघते तेव्हा आपल्याला वाटतं आता श्वास संपला, आणि बाई तिथून आणखी एक वळण घेऊन समेवर येतात. घाई औषधालाही नाही. तबकडी संपत आलीये हे त्यांना ठाऊक आहे, आपल्याला मात्र जाणवू देत नाहीत.

मला वाटतं याचं कारण केसरबाईंच्या जयपूर घराण्याच्या बांधणीतच आहे. या गायकीत आवर्तन हेच एकक. प्रत्येक आवर्तन स्वतःपुरतं पूर्ण भरायचं आणि समेवर आणून ठेवायचं. त्यामुळे दहा आवर्तनं ऐकली तरी गायकीचा अख्खा नकाशा डोळ्यांसमोर येतो. या घराण्याचे प्रवर्तक आणि केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँसाहेब यांचा आवाज आपल्याकडे नाही. कोल्हापूर दरबारात आणि मग मुंबईत एवढं आयुष्य काढून १९४६ साली ते गेले, पण एक तबकडी नाही. भास्करबुवा बखल्यांचीही तीच गत. तेव्हा खाँसाहेब कसे गात असतील याच्या जवळात जवळ जायचं तर केसरबाईंच्या या तबकड्यांनाच कान लावावा लागतो. त्यांना नमुने म्हणून बाजूला सारणं आपल्याला परवडणारं नाही.

गंमत अशी की बाई ध्वनिमुद्रणाबद्दल कमालीच्या साशंक. आपलं गाणं कुणीही कुठेही, पानाच्या ठेल्यावरसुद्धा वाजवावं, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतंच. आणि त्यांचीच भैरवी, 'जात कहाँ हो', १९७७ साली 'नासा'च्या व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या सोनेरी तबकडीवर बसून सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाली. साडेतीन मिनिटांची. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. भारतातून निवडलेलं शास्त्रीय गाणं ते एवढंच. परग्रहावरच्या मंडळींसाठी निवडताना कुणी 'पण हे फारच छोटं आहे' असं म्हटलं नाही, एवढं नोंदवून पुढे जाते.

आता अब्दुल करीम खाँसाहेबांचं किराणा घराणं. इथे आमच्या गृहस्थांचा मुद्दा थोडा खरा आहे, तो मान्य करते. स्वर-स्वराने बढत, म्हणजे रागाचा विस्तार, करत जाणाऱ्या गायकीला वेळ लागतो. गंधारावर पोहोचायलाच जिथे पाच मिनिटं, तिथे तीन मिनिटांत काय होणार? अब्दुल करीम खाँसाहेबांनी यावर काढलेली वाट मला विलक्षण वाटते. त्यांनी मोठा ख्याल कापूनकुपून तबकडीत कोंबला नाही. तीन मिनिटांत जे पूर्ण होऊ शकतं ते निवडलं. झिंझोटीतली 'पिया बिन नाही आवत चैन'. भैरवीतली 'जमुना के तीर'. जोगियातली 'पिया मिलन की आस'. त्यागराजांची खरहरप्रियातली कृतीसुद्धा. त्या काळी उत्तरेकडच्या किती उस्तादांनी कर्नाटकी कृतीला हात लावला असता?

जोगिया मी या दिवसांत सगळ्यात जास्त ऐकला. रोज सकाळी, कामवाली यायच्या आत, एकदाच. आवाज लहानसा, काहीसा अनुनासिक, जोर लावलेला कुठेच नाही. कोमल रिषभावर ते ज्या पद्धतीने येतात ना, त्याला येणं म्हणायचं की टेकणं, कळत नाही. स्वर लागतो, किंचित हलतो आणि मग स्थिर होतो. त्या हलण्यातच सगळा जोगिया आहे. मोठ्या ख्यालात हे पुन्हा पुन्हा भेटतं, म्हणून आपण बेसावध असतो. इथे दोनचारदाच भेटणार हे ठाऊक असल्याने कान टवकारलेले राहतात. खाँसाहेबांची झिंझोटी ऐकून लहानग्या भीमसेन जोशींनी घर सोडलं असं सांगतात. तो सव्वा तासाचा झिंझोटी नव्हता, दुकानात वाजणारी तबकडी होती!

(आम्ही सांगलीकर असल्याने मिरज हाकेच्या अंतरावर. खाँसाहेब १९३७ साली दक्षिणेतल्या एका रेल्वे स्टेशनवर गेले, पण दफन मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात. उरुसाला तिथे आजही गाणी होतात. कधी आलात तर जरूर बसा, खुर्ची मिळेल याची हमी नाही.)

आग्रा घराण्याच्या फैय्याज खाँसाहेबांचा परज राग, 'मनमोहन ब्रिज को रसिया', हा वेगळाच कारभार. अब्दुल करीम खाँ तबकडीत अंग चोरून बसतात, तर हे ऐसपैस मांडी घालून. आवाजच असा की तबकडी लहान पडावी. मुखडा प्रत्येक वेळी वेगळ्या तोऱ्यात उचलतात, शब्दाशी खेळतात, छेडतात. पण खरं सांगायचं तर आग्र्याची नोमतोम, म्हणजे बंदिशीआधीची 'नोम-तोम' अशा अक्षरांवरची आलापी, ऐकायला मला तबकडी पुरत नाही. तिथे लांब ध्वनिमुद्रणच हवं.

द. वि. पलुस्करांचा श्री राग मात्र पुरून उरतो. 'हरि के चरण कमल'. कोमल रिषभावरून पंचमावर जाणारी ती झेप, श्रीचं सगळं गांभीर्य, आणि तरीही आवाजात कुठेही जडपणा नाही. विष्णु दिगंबरांचा हा मुलगा १९५५ साली, जेमतेम चौतिशीत गेला. त्यांना लांब ध्वनिमुद्रणांचा काळ पुरेसा मिळालाच नाही. 'तबकडी म्हणजे दुय्यम' असा दंडक लावला तर पलुस्करांचं काय करायचं?

आणि गंगूबाई हनगल! त्यांच्या सुरुवातीच्या काही तबकड्या 'गांधारी' या नावाने आहेत. ज्यांनी गंगूबाईंचा नंतरचा खर्जातला, पुरुषी धाटणीचा आवाजच ऐकलाय त्यांनी हे ऐकावंच. पातळ, उंच, तरुण मुलीचा आवाज. नाव झाकून ऐकवलं तर नव्वद टक्के लोक ओळखणार नाहीत. घशाच्या दुखण्यानंतर आवाज पालटला. पण स्वर लावण्याची ती किराणा ऐट आधीही तीच, नंतरही तीच.

तुम्ही म्हणाल, बाई लांब गाणं ऐकतच नाहीत का? ऐकते की. अमीर खाँसाहेबांचा मारवा गेली कित्येक वर्षं माझ्याकडे उठूनबसून वाजतो. 'पिया मोरे अनत देस', अतिसंथ लयीतला झुमरा ताल, आणि षड्ज टाळत टाळत रिषभ-धैवतावर आपल्याला टांगून ठेवणं. त्या लयीत तीन मिनिटांत आवर्तनं हाताच्या बोटांवर मोजावी लागतील. तो मारवा ७८च्या तबकडीवर झालाच नसता, त्याला एलपीची, म्हणजे नंतर आलेल्या जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची, एक अख्खी बाजूच हवी होती. मल्लिकार्जुन मन्सूरांचे अनवट रागही आकाशवाणीच्या ध्वनिमुद्रणांतून भरपेट ऐकते. पण मन्सूरअण्णा तासाभराच्या बैठकीतसुद्धा वेळ काढत नाहीत, तिसऱ्या मिनिटाला ते रागाच्या ऐन गाभ्यात असतात. अल्लादिया खाँसाहेबांचे मुलगे मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांच्याकडची तालीम, शिवाय तरुणपणी स्वतः तबकड्या भरलेल्या. दोन्हीचा परिणाम असावा असं आपलं माझं मत.

आता थोडी कुरकुर. हे सगळं ऐकायचं कुठे? बहुतेकांसारखी मीही मोबाइलवरच ऐकते आणि तिथे आनंदीआनंद आहे. एका अॅपवर केसरबाईंच्या नावाखाली भलत्याच बाई गातायत. रागाचं नाव चुकीचं, तबलजीचं नाव नाहीच, साल तर विचारूच नका. सोबत 'शांत झोपेसाठी' अशी यादी. जोगिया ऐकून झोपणाऱ्याला मी कोपरापासून नमस्कार करते.

त्याहून वाईट म्हणजे वेग. ७८ हा आकडा नावापुरता. जुन्या तबकड्या प्रत्यक्षात बहात्तरपासून ब्याऐंशीपर्यंत कुठल्याही वेगाने भरलेल्या असत. सहा टक्के वेग इकडचा तिकडे झाला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो. पेटीच्या काळी दोन पट्टीत गाणारी गायिका वरच्या पांढरी तीनमध्ये जाते, तान चिमटीत धरल्यासारखी होते आणि आपण म्हणतो, "काय चिरका आवाज हो पूर्वीच्या बायकांचा!" आवाज त्यांचा चिरका नव्हता, उतरवून घेणाऱ्याने पेटी जवळ घेऊन पट्टी तपासली नव्हती. दुसरा उपद्रव खरखर काढण्याचा. खरखरीबरोबर तंबोऱ्याची आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, आणि सकाराचा वाराही जातो, उरतो तो प्लॅस्टिकचा आवाज. मला खरखर चालते. पाच सेकंदांत कान तिच्यापलीकडे जातो.

सुरुवातीच्या काळात तर भोंग्यात तोंड घालून गावं लागे. मायक्रोफोन १९२५च्या सुमाराला आला. गौहर जानने १९०२ साली कलकत्त्यात गाऊन शेवटी "माय नेम इज गौहर जान" असं ठणकावून सांगितलं, कारण तबकड्या दाबायला जर्मनीत जाणार आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळायला हवं. सव्वाशे वर्षांपूर्वी त्या बाईने स्वतःच्या आवाजात नोंद करून ठेवली, आणि आजच्या अॅपला ती साधी लिहिता येत नाही.

पुढचा बेत हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने. कमेंटमध्ये तुम्ही काय ऐकताय ते लिहा, पण नुसती लिंक डकवू नका, राग आणि गाणाऱ्याचं नाव घाला. आणि कुणाच्या माळ्यावर आजोबांच्या तबकड्या असतील तर कृपा करून त्या स्पिरिटने पुसू नका. ७८ची तबकडी लाखेची असते, लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि त्याबरोबर गाणंही. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, एकावर एक न रचता उभ्या ठेवा. भंगारवाल्याला द्यायचंच ठरलं असेल तर आधी मला मेसेज करा. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात असाल तर मी स्वतः पिशवी घेऊन येईन.