मूल झालं की आईबाप नागरिक? मामांच्या फॉरवर्डला उत्तर

परवा मामांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मजकूर असा: ‘मेक्सिकन लोक भिंत ओलांडून अमेरिकेत शिरतात, तिथे मूल झालं की आईबापही लगेच नागरिक. इंग्रजी येत नाही, मतदान मात्र करतात. आणि आपली शिकलेली पोरं कायद्याने जाऊन रांगेत सडतात.’ मामांची मुलगी न्यू जर्सीत ग्रीन कार्डची वाट बघत बसली आहे, त्यामुळे संताप समजतो. पण त्याखाली अंगठे देणाऱ्यांपैकी एकाने तरी तपासायला हवं होतं.

आधी ते बाळ. तिथे जन्मलेलं मूल नागरिक होतं हे खरं, 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीमुळे. आईबापांना मात्र त्यातून काहीच मिळत नाही. मूल 21 वर्षांचं होईपर्यंत त्यांच्यासाठी अर्जच करू शकत नाही. समजा, झालं 21 चं. आई चोरवाटेने आलेली असेल तर साधारणपणे तिला व्हिसासाठी मेक्सिकोत परत जावं लागतं. ती बाहेर पडली की 1996 चा कायदा आडवा येतो: वर्षभर बेकायदा राहिलेल्याला 10 वर्षं प्रवेशबंदी. माफी मागता येते, पण आईविना कोणाचे हाल होतील ते दाखवावं लागतं, आणि त्या रकान्यात फक्त जोडीदार किंवा आईवडील चालतात, तेही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक. मूल चालत नाही! 21 अधिक 10, मग ग्रीन कार्ड, त्यानंतर सहसा आणखी 5 वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज. एका बाईचं अख्खं उमेदीचं वय यात जातं. ‘लगेच’ म्हणे.

जन्माने मिळणारं नागरिकत्व रोखायला ट्रम्प यांनी 20 जानेवारी 2025 ला आदेश काढला, तेव्हा याच ग्रुपवर आनंदीआनंद होता. आईबाप दोघेही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असतील, तर त्यांचं बाळही त्या आदेशात येत होतं. खालच्या न्यायालयांनी तो अडवला.

इंग्रजी? नागरिकत्वाच्या परीक्षेत लिहावं-वाचावं-बोलावं लागतं. वयस्क आणि जुन्या ग्रीन कार्डधारकांना भाषेची सूट आहे, ती मराठी आजीलाही आहे. मतदान? परदेशी नागरिकाने राष्ट्रीय निवडणुकीत मत देणं गुन्हा आहे. आणि हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिशभाषक मुलखांत मूळ असलेले, सगळे घुसखोर हे तर साफ चूक. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेतच जन्मले आहेत. पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटाचे लोक 1917 पासून नागरिक आहेत. टेक्सास-न्यू मेक्सिकोतल्या कित्येक घरांनी सीमा कधी ओलांडलीच नाही, 1848 च्या सुमारास अमेरिकेने मेक्सिकोचा मुलूख घेतला आणि सीमाच त्यांच्या पलीकडे सरकली.

एक मान्य करते. 1986 साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात सुमारे 27 लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला, त्यांत मेक्सिकन सर्वाधिक. पण तेवढं मोठं काही पुन्हा झालं नाही. 2012 च्या ‘डाका’ (DACA) योजनेत लहानपणी बेकायदा आणलेल्या मुलांना हद्दपारीपासून संरक्षण मिळतं, पण त्याचं दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, ग्रीन कार्ड नाहीच.

राहिली रांग. अमेरिकी परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात भारताला आणि मेक्सिकोला वेगवेगळे रकाने आहेत, कारण वर्षाच्या ठरावीक ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला 7 टक्क्यांहून जास्त वाटा नाही. मामांच्या मुलीला अडवलंय ते या 7 टक्क्यांनी, कुठल्या मेक्सिकन बाळाने नव्हे. याच तक्त्यात अमेरिकी नागरिकांच्या भावंडांची ओळ बघा: 2025 मध्ये भारतीयांचे 2006 चे अर्ज हातात घेतले जात होते. मेक्सिकोचे होते 2001 चे.