व्हिडिओनंतरची सकाळ

परवा ताईचा फोन आला तेव्हा ती तणतणत होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मी स्वीडनमध्ये सातवी-आठवीला गणित. त्यांच्या शिक्षकांच्या ग्रुपवर नेहमीचंच भांडण पेटलं होतं. एकीकडे ‘व्हिडिओ लावला की मास्तर मोकळा’ म्हणणारे, दुसरीकडे ‘मग बसा खडू उगाळत’ म्हणणारे. “तुमच्याकडे तर सगळं डिजिटलच असेल ना रे?” तिनं विचारलं, आणि मला हसू आलं.

कारण इथं वारं उलट्या दिशेनं वाहतंय. २०२३ पासून स्वीडनचं सरकार छापील पुस्तकांसाठी शाळांना वेगळे पैसे देतंय आणि लहान मुलांपुढचे स्क्रीन कमी करा म्हणतंय. आपल्याकडे टॅब वाटतात, आणि हा देश पुस्तकं वाटतोय. पण यावरून खडूवाल्यांनी लगेच गुलाल उधळू नये. मी स्वतः व्हिडिओ वापरतो, आणि सोडणार नाही.

मी वापरतो ते एडपझलसारखं साधन. व्हिडिओ कुणाचाही घ्या. ही साधनं त्यात हवा तिथं थांबा घालू देतात. तिथं प्रश्न येतो, उत्तर दिल्याशिवाय पुढचं दिसत नाही, आणि व्हिडिओ पुढे पळवायची सोय बंदही करता येते. कुणी कुठवर पाहिलं, कुठला तुकडा दोनदा पाहिला, काय उत्तर दिलं, हे मला दिसतं. व्हिडिओ छोटाच लागतो. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारणपणे फार तर सहा मिनिटं टिकत होते. आणि ते स्वतःहून शिकायला आलेले लोक होते.

माझा व्हिडिओ सात मिनिटांचा, ऋण संख्यांच्या गुणाकाराचा. तिसऱ्या मिनिटाला थांबा: उणे तीन गुणिले उणे दोन किती? चोवीसपैकी अकरा पोरांनी उणे सहा लिहिलं. वर्गात विचारलं असतं तर पहिल्या बाकावरच्या दोघांनी ‘सहा’ म्हटलं असतं आणि मी खुशीत पुढे गेलो असतो. त्या अकरांतली चार तर अशी, की जी वर्षभर मान डोलावत होती. त्या संध्याकाळी मी दुसऱ्या दिवशीचा तास मोडून पुन्हा बांधला. नियम बाजूला ठेवला, कोष्टक मांडलं: उणे तीन गुणिले दोन, गुणिले एक, गुणिले शून्य. उत्तरं उणे सहा, उणे तीन, शून्य. दर पायरीला तीन वाढतायत, मग पुढची पायरी कुठली? एक मुलगी जवळजवळ ओरडलीच.

हा तास व्हिडिओनं घेतला नाही, पण व्हिडिओशिवाय तो सुचलाही नसता. आणि त्यासाठी संध्याकाळ मोकळी हवी. इथं बहुतेक शिक्षकांच्या वर्षाच्या १७६७ तासांपैकी सुमारे चारशे तास तयारी आणि तपासणीसाठी त्यांच्या मर्जीवर सोडलेले असतात. ‘विश्वासाचा वेळ’ असंच त्याचं नाव आहे. सहकारी त्यावरही कुरकुरतात (पुरत नाही म्हणून, आणि खरंच पुरत नाही), पण तो पगारात धरलेला असतो.

आपल्याकडे साधनांची वानवा आहे असं मला वाटत नाही. दीक्षा हे शाळांसाठीचं सरकारी डिजिटल व्यासपीठ २०१७ पासून आहे, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडणाऱ्या सोलापूरच्या डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा सगळ्यांना कोड आठवला. त्यांनी आधी मुलांच्या घरच्या भाषेत, कानडीत, पुस्तकं उतरवली होती हे फार कमी जणांना आठवलं. कोड चिकटवायला मिनिट लागतं. पुस्तक भाषांतरित करायला कितीतरी संध्याकाळी लागतात. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपायला मनाई करतं, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळून. ताईच्या संध्याकाळी त्या ‘वगळून’मध्ये जातात. ग्रुपवरच्या भांडणात याबद्दल चकार शब्द नव्हता.

मी तिला माझाच व्हिडिओ मराठीत बोलून पाठवला. तिच्या वर्गात एक टीव्ही आहे, पोरांच्या हातात काही नाही. तिनं तिसऱ्या मिनिटाला रिमोटनं थांबवला आणि सांगितलं, “पाटीवर लिहा, एकदम वर धरा, शेजाऱ्याचं बघायचं नाही.” माझ्या साधनाला जे रंगीत तक्त्यात दिसतं ते तिला एका नजरेत दिसलं. सात मिनिटांच्या व्हिडिओला अख्खी तासिका लागली.

“एकोणीस जणांचं उणे सहा,” ती फोनवर म्हणाली. आवाज खुशीतला होता, कारण कोण अडलंय ते कळलं होतं. पण दुसऱ्या दिवशी तिला मतदार यादीच्या कामाला बोलावणं आलं. वर्ग शेजारच्या बाईंच्या वर्गात बसवला. बाईंनी पुढचा धडा सुरू केला. पाट्या तोवर पुसलेल्या होत्या.