वडिलोपार्जित मतांची निगा

मते ही शेतजमिनीसारखी असतात, हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे पुष्कळ कष्ट वाचतात. ती कसावी लागत नाहीत. वारसाची नोंद लागली की मालकी आपली. मराठवाड्यात जन्मलेल्या सुज्ञ वाचकाने म्हणूनच स्वतःचे मत बनवण्याच्या फंदात पडू नये. घरातले आयते मत उचलावे आणि चारचौघांत बोलताना सुरुवात तेवढी ‘मला स्वतःला असे वाटते की’ अशी करावी.

प्रारंभ इतिहासापासून करणे सोयीचे पडते. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थानाचा कारभार संपला, एवढे शाळेच्या पुस्तकात आहेच. पण त्या दिवसाला काय म्हणायचे, हे पुस्तकावर सोडू नये. एका घरात तो मुक्तिदिन असतो आणि रझाकारांच्या भीतीने आजोबा रातोरात बैलगाडी जुंपून संस्थानाच्या हद्दीबाहेर कसे पडले, ही गोष्ट त्याला जोडलेली असते. चार घरे सोडून पलीकडे त्याच दिवसांना ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणतात, आणि तिथल्या आजीच्या गोष्टीत घर सोडून पळणारी माणसे वेगळी असतात. या दोघांना एका ओसरीवर चहाला बसू देऊ नये. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील, अशी शंका रात्री आलीच तर कूस बदलावी. सकाळपर्यंत ती उतरते.

आजोबांच्या ट्रंकेत उर्दू लिपीतले कागद सापडले तर घाबरून जाऊ नये. संस्थानाचा कारभार उर्दूत चाले आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणही उर्दूतूनच मिळे, त्यामुळे त्या पिढीतल्या कित्येकांना ही लिपी सराईतपणे येत असे. आपल्याला ती येत नसल्याने जमिनीचा जुना कागद वाचून घ्यायला गावातल्या एखाद्या मौलवीसाहेबांकडे जावे लागते. तेवढ्यापुरते त्यांच्या जमातीविषयीचे आपले मत पायताणांबरोबर दाराबाहेर काढून ठेवावे आणि निघताना आठवणीने पायांत सरकवावे. मग घरी येऊन मुलांना बजावावे की खानदानाची अब्रू आणि इज्जत परक्या संस्कारांपासून जपली पाहिजे. खानदान, अब्रू आणि इज्जत हे तिन्ही शब्द कोणत्या वाटेने मराठीत आले, असे विचारणारा मुलगा पुढे फार शिकवू नये.

श्रद्धेचेही असेच. तुळजापूरची भवानी कुळाची, परळीचा वैजनाथ श्रावणातल्या सोमवारांचा आणि गावाबाहेरचा दर्गा अडचणीच्या वेळेचा, अशी वाटणी आपल्या आज्यांनी करून ठेवलेली आहे. वडिलांचा ताप उतरावा म्हणून आजीने दर्ग्याला बोललेली कंदुरी, म्हणजे नवसाचे बकऱ्याचे जेवण, फेडल्याशिवाय राहू नये, मात्र तिचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये. तो ग्रुप वेगळ्या कामासाठी आहे.

विद्यापीठाचा उल्लेख करताना विशेष जपावे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने 1978 च्या जुलैत केला आणि नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 रोजी. मधल्या काळात कोणत्या वस्त्या जळाल्या, हे आपल्या घरात कोणी सांगितलेले नसते. सांगितलेले असते ते एवढेच की पूर्ण नाव घेण्याची गरज नाही, नुसते ‘विद्यापीठ’ म्हटले तरी कळते. त्यानंतर दहा वर्षांनी जन्मलेली पोरेसुद्धा हे बिनचूक पाळतात.

पण मूल्ये मुलांच्या अंगी खरोखर मुरवायची असतील, तर पैठणला पर्याय नाही. नाथषष्ठीच्या सुमारास कीर्तनाला सहकुटुंब बसावे. रामेश्वराला वाहायची कावड नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिती केली, इथे डोळे पाणवावेत. पितरांसाठी रांधलेले श्राद्धाचे अन्न त्यांनी दारावरून जाणाऱ्या अस्पृश्यांना जेवू घातले, इथे मोठ्याने नामाचा गजर करावा. महाप्रसाद घेऊन घरी यावे आणि गोठ्यातल्या देवळीकडे पाहावे. तिथे कान तुटलेला एक कप उपडा ठेवलेला असतो.

आमच्या घरी त्यावर निळी फुले होती. पाडव्याला सालगड्याचे साल ठरे, गडी बदलत, कप तोच राही. तो त्यांनीच धुवायचा, त्यांनीच देवळीत ठेवायचा. आम्ही वरून चहा ओतत असू. सातव्या वर्षी एकदा तहान लागली म्हणून मी त्या कपातून रांजणातले पाणी प्यालो. मला कोणी मारले नाही, कोणी रागावलेही नाही. आईने फक्त माझ्या हातातून कप काढून घेतला, जागेवर ठेवला आणि साबण लावून माझे हात कोपरापर्यंत धुतले. पुन्हा त्या कपाला मी कधीच हात लावला नाही, आणि आमच्या घरात जातपात मानत नाहीत, हे वाक्य मी वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळेपर्यंत म्हणत आलो. संस्कार करायचे ते असे, एक शब्दही न बोलता.

आता काळ सुधारला आहे आणि तो कप आम्ही काढून टाकला. त्याऐवजी कागदी कपांचे पाकीट आणतो. मागच्या ‘वेळ अमावस्ये’च्या सणाला शेतात कडब्याच्या कोपीतल्या पांडवांची पूजा झाली, भज्जी-आंबिलीचे जेवण सर्वांनी एकाच झाडाखाली केले आणि नंतर चहा आला, तेव्हा माझ्या पुतण्याने विचारले, “काका, आपल्याला स्टीलचे पेले अन् त्यांना कागदाचे कप कामून?” मी त्याला स्वच्छतेचे महत्त्व समजावून सांगितले. त्याने मान डोलावली. संध्याकाळी सामान आवरताना उरलेले पाकीट त्याने उचलले, घरी आल्यावर सगळी भांडी स्वयंपाकघरात नेऊन दिली आणि पाकीट तेवढे गोठ्यातल्या देवळीत नेऊन ठेवले. तसे करायला त्याला कोणीही सांगितले नव्हते.